निर्देशकांच्या आधारे पर्यावरणीय शाश्वतता कशी मोजावी: ठाणे-नवी मुंबईतील नवोदितांसाठी

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत "आपली सोसायटी पर्यावरणपूरक आहे" हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि पुरावा म्हणून गच्चीवरचे सौर पॅनेल, फाटकाजवळचा कंपोस्टचा पिंप आणि पाच जूनला लावलेली रोपे दाखवली जातात. कोपरखैरणेतील आमच्या सोसायटीतही अनेक वर्षे हेच चालत असे. एका सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी साधा प्रश्न विचारला: गेल्या वर्षीच्या तुलनेत यंदा आपण पाणी कमी वापरले की जास्त? पाण्याची सगळी बिले फाइलमध्ये होती, ती वेळेवर भरलेलीही होती, तरी या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता आले नाही. त्या दिवसापासून आम्ही मोजायला लागलो. त्या कामातून जे शिकायला मिळाले ते नव्याने सुरुवात करणाऱ्या सोसायट्यांना, महाविद्यालयीन गटांना आणि प्रभागातील जागरूक रहिवाशांना उपयोगी पडावे, म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधी तीन शब्दांतील फरक पक्का करून घ्यावा, कारण बातम्यांमध्येही त्यांची सरमिसळ होते. पाण्याच्या मीटरवर दिसणारा आकडा ही नुसती नोंद असते. त्या नोंदीला माणसांच्या आणि दिवसांच्या संख्येने भागून "माणशी दररोज १५० लिटर" असे उत्तर काढले, की तो निर्देशक होतो, कारण तो एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देतो आणि त्याची तुलना करता येते. पाणी, कचरा, वीज, हवा असे अनेक निर्देशक ठरावीक भार देऊन एकत्र केले आणि त्यांतून एकच गुण काढला, की त्याला निर्देशांक म्हणतात. नवोदिताने निर्देशकांवरच थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. निर्देशांकाचा मोह का टाळावा, ते पुढे येईल.

पहिली पायरी: हद्द आणि प्रश्न

मोजणी कोणत्या हद्दीत करायची हे कागदावर एका वाक्यात लिहून ठेवावे. सोसायटीच्या कुंपणाच्या आतले पाणी, वीज आणि कचरा एवढीच हद्द घेतली, तर सगळ्या नोंदी आपल्याच हातात असतात आणि काम पहिल्याच महिन्यात सुरू होते. हद्द प्रभागापर्यंत वाढवली की महापालिकेच्या आकडेवारीवर अवलंबून राहावे लागते. ती थेट खाडीपर्यंत नेली, तर भरती-ओहोटी, दोन्ही काठांवरची शहरे आणि औद्योगिक पट्टा हे सगळे हिशेबात येते. पहिल्या वर्षी कुंपणाची हद्द पुरेशी आहे.

हद्द ठरली की प्रश्न ठरवावा. "आपण पर्यावरणपूरक आहोत का?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. "आपल्या इमारतीत राहणारा माणूस दिवसाला बाहेरून किती पाणी घेतो, आणि ते दरवर्षी कमी होते आहे का?" याला मात्र उत्तर आहे.

दुसरी पायरी: दाब, स्थिती आणि प्रतिसाद वेगळे ओळखणे

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने १९९० च्या दशकात पर्यावरणीय निर्देशकांची एक मांडणी रूढ केली. माणसाचा निसर्गावर पडणारा दाब, निसर्गाची स्थिती आणि समाजाचा प्रतिसाद असे तिचे तीन भाग आहेत. युरोपीय पर्यावरण संस्थेने पुढे तिच्यात दाबामागची चालक कारणे आणि होणारे परिणाम हे दोन दुवे जोडले. नवोदिताला मूळचे तीन भाग पुरतात. ठाणे खाडीच्या उदाहरणावरून ते चटकन लक्षात येतील. नाल्यातून खाडीत जाणारे प्रक्रिया न केलेले सांडपाणी हा दाब आहे, खाडीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण ही स्थिती आहे, आणि मलप्रक्रिया केंद्रात रोज किती दशलक्ष लिटर पाणी शुद्ध होते हा प्रतिसाद आहे.

हा फरक इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे, की प्रतिसादाचे आकडे मिळवायला सर्वांत सोपे असतात आणि दिसायलाही छान दिसतात. वृक्षारोपणाचेच पाहा. जुलैत पाचशे रोपे लावली, ही संख्या प्रतिसाद सांगते, पण त्यातून झाडे किती वाढली हे काहीच कळत नाही. आपल्याकडे चार महिने आकाशच पाणी घालत असल्यामुळे सप्टेंबरअखेर जवळजवळ प्रत्येक रोप हिरवेगार दिसते. रोपाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. म्हणून रोपे लावल्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या मे महिन्याच्या अखेरीस जिवंत रोपे मोजावीत आणि लावलेल्या शंभरांपैकी किती जगली हे लिहावे. जगलेल्या झाडाचा घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.३ मीटरवर, शिंप्याच्या टेपने मोजला, तर वाढीचाही निर्देशक मिळतो. टेप दरवर्षी त्याच उंचीवर लागावी यासाठी खोडावर रंगाची बारीक खूण करावी. खिळा मात्र मारू नये.

तिसरी पायरी: पाणी

निर्देशक निवडताना पाच-सहाच्या पुढे जाऊ नये. त्यांतला पहिला पाण्याचा असावा, कारण मीटर आधीच बसवलेला असतो आणि चुका कशा होतात हे इथेच सर्वांत नीट समजते.

दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, एकाच व्यक्तीने मीटरचे रीडिंग घ्यावे आणि मीटरचा फोटो काढून ठेवावा. पालिकेच्या बिलाचा कालावधी आणि कॅलेंडरचा महिना जुळत नाहीत, म्हणून बिलावरून हिशेब करू नये. टँकर आले असतील तर त्यांची संख्या आणि क्षमता लिहावी. बोअरवेल असेल तर तिच्यावर वेगळा मीटर बसवून घ्यावा, नाहीतर पालिकेचे पाणी कमी झाल्याचे दिसेल आणि प्रत्यक्षात तेवढाच उपसा जमिनीखालून होत असेल.

समजा, ९६ घरांच्या सोसायटीत एप्रिलमध्ये ३१० माणसे राहत होती आणि सर्व स्रोतांचे मिळून १३९५ घनमीटर पाणी लागले. ३१० माणसे गुणिले ३० दिवस म्हणजे ९३०० मनुष्य-दिवस होतात. १३९५ घनमीटर म्हणजे १३ लाख ९५ हजार लिटर, आणि भागाकार येतो १५० लिटर. मे महिन्यात मुलांना सुट्ट्या लागतात आणि निम्मी बिल्डिंग गावी जाते. समजा, सरासरी २२० माणसेच घरी होती आणि पाणी लागले १०९१ घनमीटर. एकूण वापर तीनशे घनमीटरहून अधिक घटला, म्हणून कोणीही खूश होईल. प्रत्यक्षात ६८२० मनुष्य-दिवसांनी भागल्यावर उत्तर येते १६० लिटर, म्हणजे माणशी वापर वाढला. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांमुळेही हेच घडते. निर्देशकातला भाजक हा वरच्या आकड्याइतकाच काळजीपूर्वक मोजावा लागतो, आणि पहिल्या वर्षी बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. राहणाऱ्या माणसांची संख्या वॉचमनच्या रजिस्टरवरून आणि प्रत्येक मजल्यावरच्या एका जबाबदार सभासदाकडून दरमहा घ्यावी.

तुलनेसाठी भुयारी गटार असलेल्या शहरांकरिता केंद्र सरकारच्या नियमावलीत माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण दिलेले आहे, आणि महानगरांसाठी ते १५० लिटर आहे. हे प्रमाण पुरवठ्याची आखणी करण्यासाठी ठरवलेले आहे, शाश्वततेची मर्यादा म्हणून नव्हे. हा मुद्दा सातव्या पायरीत पुन्हा येईल.

आमच्याकडे घडलेली एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे. एका पावसाळ्यात सलग दोन महिने पाण्याचा वापर लक्षणीय कमी दिसला, आणि आम्ही तो आलेख लिफ्टशेजारी लावलादेखील. तिसऱ्या महिन्यात प्लंबरने मीटरचे झाकण उघडले तेव्हा कळले, की काचेच्या आत बाष्प धरले होते, शेवटचे दोन अंक नीट दिसत नव्हते आणि रीडिंग घेणारा माणूस अंदाजाने लिहीत होता. आलेख काढून घ्यावा लागला आणि लोकांचा विश्वास परत मिळवायला वर्ष गेले. तेव्हापासून फोटोशिवाय कोणतीही नोंद वहीत चढत नाही. एखादा आकडा अपेक्षेपेक्षा फार चांगला आला, तर आधी मीटर तपासायचा, असा नियमही तेव्हाच केला.

नवी मुंबईकरांना मोरबे धरणाच्या पातळीची बातमी ओळखीची आहे. धरण ८८ मीटरवर भरते आणि महापौर-आयुक्त जलपूजनाला जातात. ही पातळी म्हणजे स्थितीचा निर्देशक आहे आणि आपला माणशी वापर हा दाबाचा. दोन्ही एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहिले, तर चांगल्या पावसाच्या वर्षी आपला हात सैल सुटतो का, हे दोन-तीन वर्षांत दिसू लागते.

चौथी पायरी: कचरा

कचऱ्याला मीटर नाही, म्हणून इथे वजनकाटा आणि हातमोजे लागतात. दररोज वजन करणे कोणालाच झेपत नाही. तिमाहीत एकदा, सलग सात दिवस, घंटागाडी येण्यापूर्वी ओला, सुका आणि घातक-सॅनिटरी असे प्रवाह वेगवेगळे मोजावेत. रिकाम्या पिंपाचे वजन आधी करून पिंपावरच रंगाने लिहावे आणि प्रत्येक वेळी ते वजा करावे. पिंप उघड्यावर असेल तर पावसाळ्यात त्याच्या तळाशी चार-पाच लिटर पाणी सहज साचते, आणि तेवढ्या किलोंचा कचरा वहीत खोटाच वाढतो. मोजणीचा आठवडा दिवाळीचा किंवा गणेशोत्सवाचा असू नये. सणाचा कचरा मोजायचा असेल तर तो स्वतंत्रपणे मोजावा. मे-जूनच्या मोजणीत आंब्याच्या साली आणि कोयी ओल्या कचऱ्याचे वजन चांगलेच वाढवतात, म्हणून त्या तिमाहीची तुलना पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करावी, लगतच्या तिमाहीशी करू नये.

दोन निर्देशक पुरेत. पहिला, माणशी दररोज किती ग्रॅम कचरा सोसायटीच्या फाटकाबाहेर जातो. आवारात कंपोस्ट होणारा कचरा यात धरायचा नाही, पण त्याचेही वजन वेगळ्या रकान्यात लिहायचे. दुसरा निर्देशक वर्गीकरणाच्या शुद्धतेचा आहे, आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. ओल्या कचऱ्याच्या पिंपातून दहा किलो नमुना काढावा, जाड प्लास्टिकच्या कागदावर पसरावा, आणि त्यात सापडलेल्या दुधाच्या पिशव्या, शाम्पूचे सॅशे, काच, औषधांच्या पट्ट्या वेगळ्या काढून तोलाव्यात. दहा किलोंत सातशे ग्रॅम निघाले, तर भेसळ सात टक्के. "आमच्याकडे शंभर टक्के वर्गीकरण होते" असे डोळ्यांनी पाहून सांगणारे सभासद एकदा त्या कागदाशेजारी उभे राहिले, की पुढच्या महिन्यात पिंपात फरक पडतो. हे काम सफाई कामगारांवर ढकलू नये. त्यांना रोज हेच करावे लागते, आणि ते काय करतात हे सभासदांनी स्वतः अनुभवणे हाही या मोजणीचा भाग आहे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना मोठे कचरा निर्माते ठरवून आवारातच ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. माणशी ४०० ग्रॅम धरले, तर ३१० माणसांची सोसायटी १२४ किलोंवर पोहोचते. आपण या गटात येतो की नाही, हे अनेक सोसायट्यांना पहिल्या मोजणीनंतरच कळते.

पाचवी पायरी: वीज

हा भाग सोपा आहे. महावितरणच्या बिलावरून सामायिक मीटरचे युनिट घ्यावेत आणि राहत्या घरांच्या संख्येने भागावे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा वाटा कळण्यासाठी पंपाला स्वतंत्र उपमीटर असल्यास उत्तम, कारण पाण्याची बचत झाली की पंपाची वीजही घटते आणि दोन निर्देशक एकमेकांची साक्ष देतात. कार्बन उत्सर्जन काढायचे असेल, तर आपल्या राष्ट्रीय ग्रिडसाठी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हा गुणक धरावा. महिन्याला ३००० युनिट म्हणजे सुमारे २१०० किलो. सौर पॅनेल बसवलेल्या सोसायट्यांनी एक काळजी घ्यावी: नेट मीटरिंगच्या बिलात आयात वजा निर्यात असा शिल्लक आकडा असतो. तो शून्याच्या जवळ आला, तरी वापर कमी झाला असे होत नाही. पॅनेलची निर्मिती, ग्रिडकडून आलेली वीज आणि ग्रिडला दिलेली वीज असे तीन रकाने ठेवावेत.

सहावी पायरी: हवा आणि खाडी

इथे आपण कुंपणाबाहेर पडतो, म्हणून पद्धत बदलते. स्वस्त सेन्सर आणून त्याच्या आकड्यांवर जाहीर विधाने करू नयेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत असे सेन्सर पाण्याच्या सूक्ष्म थेंबांनाही धूळ समजतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या केंद्राची आकडेवारी घ्यावी आणि प्रत्येक वेळी त्याच केंद्राची घ्यावी.

रोज बातम्यांत येणारा हवेचा गुणवत्ता निर्देशांक कसा तयार होतो, हे माहीत असावे. आठ प्रदूषकांपैकी उपलब्ध असलेल्यांचे उपनिर्देशांक काढले जातात आणि त्यांतला सर्वांत वाईट आकडा हाच त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवशी "१५०" दिसले, तरी एका दिवशी रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ कारण असेल, तर दुसऱ्या दिवशी ओझोन. वर्षभराच्या तुलनेसाठी म्हणून पीएम २.५ आणि पीएम १०, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म आणि सूक्ष्म धूलिकण, यांची वार्षिक सरासरी घ्यावी. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि पीएम १० ची ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मार्गदर्शक मूल्ये अनुक्रमे ५ आणि १५ अशी ठेवली. पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ३५ आलेले शहर एका मोजपट्टीवर उत्तीर्ण होते आणि दुसऱ्या मोजपट्टीवर सातपटीने बाहेर जाते. आलेखात दोन्ही रेषा काढाव्यात. नवी मुंबई ही राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात समाविष्ट असलेल्या शहरांपैकी एक आहे, त्यामुळे इथल्या हवेची आकडेवारी सार्वजनिक असते आणि ती मागण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे.

पावसाळ्यात हवा धुतली जाते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती सर्वांत वाईट असते. ऑगस्टचा आकडा दाखवून "सुधारणा झाली" असे कोणी म्हणत असेल, तर गेल्या वर्षीचा ऑगस्ट विचारावा. रात्री रासायनिक वास येत असेल तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि किती वेळ वास राहिला, एवढ्या चार गोष्टी लिहिलेली तीन महिन्यांची वही तक्रारीच्या दहा निनावी संदेशांपेक्षा वजनदार ठरते.

आता खाडी. ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ६५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाऊन हजारो गुलाबी पक्षी पाहणे हा विलक्षण अनुभव आहे, आणि त्यामुळे "फ्लेमिंगो वाढले, म्हणजे खाडी सुधारली" असे मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र निर्देशक म्हणून हा पक्षी फसवा आहे. छोटा रोहित प्रामुख्याने निळ्या-हिरव्या शैवालावर जगतो, आणि हे शैवाल सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र आणि स्फुरदावर फोफावते. पक्ष्यांची गर्दी सांडपाण्याच्या खताशी जोडलेली असू शकते, असे अभ्यासक सांगतात. शिवाय हे पक्षी स्थलांतरित आहेत. कच्छमध्ये पाऊस किती झाला आणि तिकडे पाणी किती काळ टिकले, यावर त्यांचे इकडे येणे ठरते. म्हणजे संख्या वाढली तरी खाडी सुधारली असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि घटली तरी बिघडली असेही नाही. पक्षी जरूर मोजावेत, पण त्या संख्येशेजारी विरघळलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण, कांदळवनाचे क्षेत्र आणि चिखलात चरणाऱ्या इतर पाणपक्ष्यांच्या प्रजातींची संख्या ठेवावी. मासे आणि वन्यजीवांसाठी पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वर्गीकरण सांगते.

यापेक्षा जुने आणि नेमके निर्देशक कोळीवाड्यांत मिळतात. दिवाळे किंवा सारसोळे येथील जुन्या जाणत्या मच्छिमारांना "पूर्वी मासळी खूप मिळायची का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सगळीकडे सारखेच येते. एका भरतीला, एका जाळ्यात, किती किलो मासळी येते आणि त्यात कोणती, असे विचारावे आणि महिन्यातून ठरलेल्या तिथीला, म्हणजे उधाणाच्या मोठ्या भरतीला आणि भांगेच्या लहान भरतीला, ते लिहून घ्यावे. मत्स्यशास्त्रात यालाच प्रयत्नामागची पकड म्हणतात. निवट्या आणि चिंबोऱ्या कुठल्या खाजणातून नाहीशा झाल्या आणि कुठे परत दिसू लागल्या, हेही तेच सांगू शकतात. त्यांचा वेळ घेतला तर त्याचा मोबदला द्यावा आणि तयार झालेली वही त्यांनाही द्यावी.

सातवी पायरी: मर्यादेशी तुलना

इथपर्यंत मोजले ते पर्यावरणाचे निर्देशक झाले. ते शाश्वततेचे निर्देशक होण्यासाठी त्यांची तुलना निसर्गाच्या भरून निघण्याच्या क्षमतेशी करावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिच्यात पुढच्या पिढ्यांच्या गरजांचा उल्लेख आहे, पण मोजणीचा मार्ग नाही. तो मार्ग अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी १९९० मध्ये तीन सोप्या नियमांत मांडला. नूतनीकरणक्षम साधने ज्या वेगाने भरून निघतात त्यापेक्षा जास्त वेगाने वापरू नयेत, टाकाऊ पदार्थ निसर्ग पचवू शकेल त्यापेक्षा अधिक वेगाने सोडू नयेत, आणि संपणारी साधने त्यांचा नूतनीकरणक्षम पर्याय तयार होतो त्यापेक्षा अधिक वेगाने संपवू नयेत.

हे नियम आपल्या गच्चीवर लावून पाहू. आपल्या पट्ट्यात वर्षाला सरासरी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षभरात २५ लाख लिटर पडते, आणि गळती-बाष्पीभवन वजा जाता ८० टक्के हाती येईल असे धरले, तर २० लाख लिटर, म्हणजे २००० घनमीटर. वरच्या उदाहरणातील सोसायटी महिन्याला १३९५ घनमीटर वापरते, म्हणजे वर्षाला १६,७४० घनमीटर. आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने आपल्या गरजेचा जेमतेम १२ टक्के भाग भागतो, आणि तोही सगळा साठवता आला तर. उरलेले पाणी खालापूरच्या डोंगरांतून किंवा शहापूरकडच्या धरणांतून, म्हणजे दुसऱ्यांच्या अंगणातून येते. हा टक्का मी सर्वांत महत्त्वाचा निर्देशक मानतो. तो कधीच शंभर होणार नाही. दाट वस्तीच्या शहरात ते शक्यही नाही. पण तो १२ वरून १५ वर कशाने गेला, जास्त पाणी साठवल्यामुळे की कमी वापरल्यामुळे, याचा शोध सोसायटीतल्या प्रत्येक पुढच्या निर्णयाला आधार देतो.

महापालिकेचे आकडे आणि एकत्रित गुण

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण सद्यस्थितीचा अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांचे हे अहवाल नागरिकाला वाचता येतात, आणि प्रभागाच्या पातळीवर काम करणाऱ्याने गेल्या पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. वाचताना प्रस्तावना सोडून थेट तक्त्यांकडे जावे. मोजणीची ठिकाणे दरवर्षी तीच आहेत का, एकक बदलले आहे का, आणि कोणता निर्देशक एखाद्या वर्षी गुपचूप गायब झाला आहे, या तीन गोष्टी पाहाव्यात. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू केलेल्या माझी वसुंधरा अभियानाची भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश ही पंचतत्त्वांची मांडणी आपल्या वहीची प्रकरणे पाडायलाही सोयीची आहे.

एकत्रित गुणांबाबत मात्र सावध राहावे. येल आणि कोलंबिया विद्यापीठांच्या पर्यावरण कामगिरी निर्देशांकात २०२२ मध्ये १८० देशांत भारत शेवटचा आला, आणि केंद्र सरकारने त्यामागच्या गृहीतकांवर व भारांवर जाहीर आक्षेप घेतला. कोण बरोबर होते यापेक्षा नवोदिताने एवढे लक्षात घ्यावे, की भार बदलले की क्रमांक बदलतो. दुसऱ्या टोकाला, स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली, याचा इथल्या प्रत्येक रहिवाशाला सार्थ अभिमान आहे. तो क्रमांक स्वच्छतेच्या व्यवस्थेबद्दल बोलतो, खाडीतल्या ऑक्सिजनबद्दल किंवा माणशी पाण्याबद्दल नाही. सोसायटीतही पाणी, कचरा आणि वीज यांची बेरीज करून "आमचा हिरवा गुण ७८" असे लिहू नये. पाणी बिघडले आणि वीज सुधारली, तर गुण तोच राहतो आणि बिघाड दिसेनासा होतो.

वही, आलेख आणि पहिले वर्ष

वहीत तारीख, वेळ, रीडिंग, फोटो क्रमांक, राहती माणसे, नोंद घेणाऱ्याची सही आणि शेरा असे सात रकाने पुरतात. शेऱ्याचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. "टाकी धुतली", "दोन दिवस शटडाउन", "तिसऱ्या मजल्यावर लग्न" अशा नोंदींशिवाय वर्षभरानंतर एकाही चढउताराचा अर्थ लागत नाही. पहिले पूर्ण वर्ष आधारवर्ष मानावे आणि त्या वर्षात कोणतेही लक्ष्य जाहीर करू नये. मोजण्याची पद्धत मध्येच बदलावी लागली, उदाहरणार्थ नवा मीटर बसवला, तर निदान दोन महिने जुनी आणि नवी नोंद समांतर ठेवावी. दोन-तीन टक्क्यांचा फरक सुधारणा म्हणून सांगू नये, कारण माणसांची संख्या मोजण्यातच तेवढी चूक सहज होते. सलग तीन तिमाहींत एकाच दिशेने बदल दिसला, तर बोलावे.

दुसऱ्या वर्षी एकच नवा निर्देशक जोडायचा असेल आणि घराजवळ तलाव असेल, तर ठाणेकरांनी पाण्याच्या पारदर्शकतेची मोजणी घ्यावी. मासुंदा, कचराळी, उपवन किंवा आपल्या भागातला कोणताही तलाव चालेल, मात्र संबंधित प्रभाग कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत आलटून पालटून काळी-पांढरी रंगवलेली तबकडी वजन बांधून मोजपट्टीच्या दोरीने पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहायची. यालाच सेक्की तबकडी म्हणतात. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता, दर आठवड्याला त्याच जागी मोजावे. मे महिन्यातील तळ गाठलेल्या पाण्याची, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या गढूळ पाण्याची आणि गणेश विसर्जनानंतरच्या आठवड्यातील अशा तीन नोंदी वेगळ्या रंगाने खुणावून ठेवाव्यात, कारण पुढच्या वर्षी तुलना करताना सर्वांत आधी त्याच लागतात.